नळी, पिशवी आणि झाकण

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा अपेक्षाभंग व्हायला नको. पाल, अवेळी वाजणारी फोनची घंटा, दारात उभा असलेला अनोळखी माणूस आणि डॉक्टरांच्या तोंडचे 'बघू या' हे शब्द, या सगळ्यांना मी सारखाच घाबरतो. त्यामुळे एका दुपारी अचानक माझी लघवी अडली आणि हॉस्पिटलात माझ्या अंगात एक रबरी नळी बसवायचं ठरलं, तेव्हा मी काय केलं असेल याचं वर्णन करत बसत नाही. सिस्टर एवढंच म्हणाली, "आजोबा, ओरडू नका. मी अजून हात लावलेला नाही."

या नळीचं एक टोक माझ्या आत होतं. त्याबद्दल मी विचार करत नसे. दुसरं टोक एका प्लास्टिकच्या पिशवीत होतं, आणि तिच्याबद्दल विचार करणं टाळता येत नसे, कारण ती पारदर्शक होती. ती पारदर्शक असावी असं ज्याने कोणी ठरवलं, तो लाजाळू माणूस नसणार. तिच्यावर मापाच्या रेघाही होत्या. मी आयुष्यभर एका छापखान्याच्या मागच्या खोलीत मुद्रितं तपासली. माझं स्वतःचं काही असं छापून लोकांपुढे येईल, आणि तेही मापासकट, असं मला कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टर तरुण आणि आनंदी होते. म्हणाले, "प्रोस्टेट सुजलंय. गोळ्या देतो. दोन आठवड्यांनी नळी काढून पाहू. स्वतःहून झाली, तर तुम्ही मोकळे. नाही झाली, तर परत नळी आणि मग ऑपरेशन."

"ऑपरेशन?" बायकोने विचारलं.

"साधंच असतं. फक्त यांचं हृदय पाहता भूल देताना जरा..." त्यांनी माझ्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बघू या."

आम्ही घरी निघालो. मांडीवरच्या टॉवेलची घडी बायकोने वाटभर मोडली आणि पुन्हा घातली.

सूचना दोन होत्या. नळीला हिसका बसता कामा नये, आणि पिशवी सतत कमरेच्या खाली हवी. "वर गेली तर उलटं वाहतं," असं सिस्टरने सांगितलं होतं. 'उलटं वाहतं' हे दोन शब्द माझ्या डोक्यात घर करून बसले. मी झोपताना, उठताना, दार ओलांडताना आधी पिशवीकडे पाहायचो आणि मग स्वतःकडे. एकदा नळी दाराच्या कडीत अडकली. मी तसाच अर्धा आत अर्धा बाहेर उभा राहून बायकोला हाका मारत राहिलो. तिने येऊन ती सोडवली आणि म्हणाली, "अहो, एक पाऊल मागे सरकला असतात तरी सुटली असती." खरं होतं ते. पण घाबरलेल्या माणसाला मागचं पाऊल सुचत नाही.

बायकोने जुन्या पडद्याची एक कापडी पिशवी शिवली. प्लास्टिकची पिशवी तिच्यात बसायची. पायजम्याच्या शिवणीत तिने एक भोक ठेवलं, त्यातून नळी बाहेर काढली, वर लांब सदरा घातला. हातात कापडी पिशवी धरून मी चालायला लागलो की लांबून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा भाजी घेऊन निघालाय. या कल्पनेचा मला इतका धीर आला की आठवड्याभराने मी ग्रंथालयात जायला निघालो. इथेच चुकलं. माझ्यासारख्या माणसाला धीर येणं हेच मुळात धोक्याचं लक्षण.

ग्रंथालय ही माझी एकमेव चैन. कारण सांगायचं तर शांतता. आमच्या घरात सकाळी भांड्यांचा जो आवाज होतो तो ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. पातेली आपटतात, झाकणं जमिनीवर गरगरत राहतात, चमच्यांचे जुडगेच्या जुडगे घसरतात. संसाराच्या पहिल्या दिवसांपासून मी "अगं, जरा हळू" म्हणत आलो आणि ती "भांडी आहेत, ती वाजणारच" म्हणत आली. याबाबतीत आमच्यापैकी कोणीच तसूभर हललेलं नाही.

ग्रंथालयाच्या दारात वॉचमन काका काउंटरच्या मागे बसतात. ते मला वर्षानुवर्षं ओळखतात. त्यांनी पिशवीकडे बोट दाखवलं.

"पिशव्या इथे ठेवायच्या."

"ही राहू द्या," मी म्हणालो.

"नियम आहे."

"मला ओळखता ना तुम्ही?"

"ओळखतो म्हणून तर सांगतोय. ओळखीची माणसंच पुस्तकं नेतात. अनोळखी माणसाची हिंमत होत नाही."

माझ्या मागे दोन कॉलेजच्या मुली उभ्या होत्या. त्यांच्यासमोर खुलासा करण्यापेक्षा पुस्तकचोर ठरलेलं बरं, असं मला क्षणभर खरोखर वाटलं. पण वॉचमन काकांनी हात लांब करून पिशवी आपल्याकडे ओढली. फार नाही, वीतभरच. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तसा त्या इमारतीने पूर्वी ऐकला नसावा. वाचनकक्षातल्या सगळ्या माना वर झाल्या.

"काय झालं?" काका दचकले.

"तिला माणूस जोडलेला आहे," मी कुजबुजलो.

"कशाला?"

"पिशवीला. मी जोडलेलो आहे."

त्यांनी सदऱ्याखालून येणारी नळी पाहिली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दया आली. पण नियम काही मागे हटला नाही. ते ग्रंथपालबाईंना बोलावून आणते झाले. बाई सज्जन होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तशी ही पिशवीच," त्या विचार करत म्हणाल्या, "पण तसं पाहिलं तर ही सभासदाचाच भाग आहे." सभासदाचा एखादा भाग आत न्यावा की बाहेर ठेवावा, याबद्दल नियमात काही नव्हतं. शेवटी मधला मार्ग निघाला. पिशवी काउंटरखालच्या फटीतून पलीकडे जमिनीवर ठेवण्यात आली, तिचा बिल्ला मला देण्यात आला, आणि मी अलीकडे, नळी पुरेल तेवढ्या अंतरावर, दावणीला बांधल्यासारखा उभा राहिलो. बाईंनी स्वतः पुस्तक आणून दिलं. मी मागितलेलं नव्हतं ते. 'आदर्श गोपालन' होतं. मी आभार मानून उभ्या उभ्याच त्याची वीस-एक पानं वाचली. नाही म्हणायची मला भीती वाटली.

परत आलो तर जिन्याच्या तोंडाशी वरच्या मजल्यावरचे शेजारी भेटले. हे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना पाणीवालेच म्हणतात. माणूस अत्यंत परोपकारी. मी हे तक्रार म्हणून सांगतोय.

"द्या हो इकडे. या वयात ओझी उचलू नयेत," असं म्हणत त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि ते जिना चढू लागले.

पिशवी माझ्या कमरेच्या वर निघाली. उलटं वाहतं! मी कधी नव्हे इतक्या वेगाने, दोन-दोन पायऱ्या गाळत त्यांच्या मागे धावलो.

"अरे वा! तुम्ही तर माझ्याहून तरुण निघालात," ते म्हणाले आणि त्यांनी वेग वाढवला.

"सोडा... अहो, सोडा..."

"ओझं कसलं यात! कोमट लागतंय. सूप आहे का?"

वळणावर मी त्यांचा सदरा धरला आणि खरं काय ते सांगून टाकलं. दुसरा कोणी असता तर पिशवी टाकून पळाला असता. पाणीवाल्यांनी ती कापडी पिशवीतून बाहेर काढली, माझ्या गुडघ्यापाशी धरून जिन्यातल्या उजेडात न्याहाळली आणि म्हणाले, "रंग ठीक आहे. प्रवाहही चांगला दिसतोय. आमच्याकडे का नाही आलात आधी?"

झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, नळी निघाली की धबधबा डोळ्यांसमोर आणावा. त्यांच्या यजमानांनी सांगितलं, धबधबा नको, दडपण येतं, साधी ठिबकणारी तोटी पुरे. मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या ओळखीत असाच एक गृहस्थ होता. त्याचं पुढे काय झालं हे विचारल्यावर तो म्हणाला, "ते जाऊ दे, तू काळजी घे." पाणीवाले तर रोज खाली येऊन बसत. त्यांच्या मते माझ्या लाइनमध्ये हवा धरली होती. "चढावर हमखास असं होतं. वॉल्व्ह उघडला, हवा सुटली, की पाणी धो धो." मी मान डोलावत असे, आणि ते गेल्यावर माझ्या आत चढ कुठे असेल याचा विचार करत पडून राहत असे.

माझी खरी भीती मात्र कोणालाच ठाऊक नव्हती. ती अशी, की कोणी ऐकतंय असं वाटलं की मला होत नाही. कधीच झालेली नाही. छापखान्यात तर सगळे जेवायला गेले की मी मागच्या बाजूला जायचो. आणि आता दोन आठवड्यांनी भर वॉर्डात, मापाचं भांडं हातात घेऊन, सगळे कान टवकारून बसले असताना ती झाली पाहिजे होती. नाही झाली तर भूल, आणि माझं ते चित्रातलं हृदय. हे बायकोला सांगावं असं अनेकदा मनात आलं. पण इतकी वर्षं जी गोष्ट आपण लपवली, ती लपलीच आहे अशी माणसाची समजूत असते.

त्या दिवसांत एकच सुख होतं. घर शांत झालं होतं. सकाळची भांडी वाजेनाशी झाली. बायको पिशवी रिकामी करायची, चहा ठेवायची, तेही मांजराच्या पावलांनी. आजारी माणसाचा निदान एवढा तरी मान राखला जातो, असं वाटून मला गहिवरून आलं. एकदा मी बोलूनही दाखवलं. ती नुसती "हं" म्हणाली.

नळी काढायचा दिवस उजाडला. वॉर्डात रुग्णाबरोबर एकालाच सोडत. गळ्यात घालायचा पास एकच होता. बरोबर आलेल्या पाणीवाल्यांनी तो उचलून गळ्यात घातला. "वहिनी, तुम्ही खाली बसा. ही तांत्रिक बाब आहे." बायकोने माझ्याकडे पाहिलं. 'नको' म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर लिफ्टचं दार बंद झालं होतं.

नळी निघाली. सिस्टरने "झालं" म्हटलं तेव्हा मी नुकता कुठे घाबरायला लागलो होतो. मग पाणी पिणं सुरू झालं. ग्लासामागून ग्लास. पाणीवाले शेजारी उभे राहून "टाकी भरू द्या, दाब येऊ द्या" म्हणत होते. टाकी भरली. दाब आला. मी मापाचं भांडं घेऊन वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या संडासात गेलो.

"कडी लावू नका हं आजोबा, चक्कर येईल," सिस्टर म्हणाली.

दार अर्धवट उघडं. बाहेर खाटांवरची माणसं गप्पा मारत होती, ती एकाएकी थांबली. कोणीतरी म्हणालं, "शू! आजोबा आत गेलेत." एवढ्या मोठ्या वॉर्डात पंख्याचासुद्धा आवाज येईना. मी ज्या शांततेसाठी आयुष्यभर तडफडलो ती हीच, आणि ती सगळीच्या सगळी माझ्या पाठीशी उभी राहून ऐकत होती. मी धबधबा आठवला. ठिबकणारी तोटी आठवली. शेवटी 'आदर्श गोपालन'सुद्धा आठवून पाहिलं. काही नाही.

"नळ सोडा, आवाजाने येते," पाणीवाले बाहेरून म्हणाले. मी नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं.

"काय म्हणता?" त्यांचा आवाज एकदम बदलला. "हॉस्पिटलमध्ये? नळाला?" हा त्यांच्या खात्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. मला विसरून ते वॉर्डबॉयशी वाद घालू लागले. तो म्हणाला, पंप रूमवाल्यांना विचारा. पंप रूमवाले म्हणे लेखी तक्रारीशिवाय हात लावत नाहीत. पाणीवाले बाह्या सारत खाली गेले.

मी पुन्हा आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. पुन्हा पाणी प्यालो, पुन्हा गेलो. पोट दगडासारखं झालं. आता नुसती लाज उरली नव्हती. कळ मांड्यांपर्यंत उतरत होती आणि कपाळावर घाम साचत होता. डॉक्टर फेरीला आले, त्यांनी पोटावर बोटं वाजवून पाहिली. "फार थांबण्यात अर्थ नाही. माझी ओपीडी संपेपर्यंत पाहू, नाहीतर नळी घालून ऑपरेशनची तारीख घेऊ." या वेळी ते 'बघू या' म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं त्या शब्दांनी भीती वाटते. ते नसले की जास्त वाटते.

सिस्टरने ट्रॉली आणली. तिच्यावर नवी नळी होती, पाकीट अजून बंद. ती हातमोजे घालू लागली. मी खाटेवर बसून त्या पाकिटाकडे पाहत होतो. मी परत घरी येणार की नाही, आणि नाही आलो तर बायकोला दारांच्या कड्या, औषधांच्या वेळा, गॅसचा नंबर हे सगळं कोण सांगेल, असं काहीबाही मनात येत होतं. मग आठवलं, हे सगळं मलाच ती सांगते.

तेवढ्यात ती दारात दिसली. गळ्यात पास होता.

"तुला कसं सोडलं?"

"भाऊजी खाली पंपाशी भांडतायत. म्हटलं, पास द्या इकडे." तिने माझा घामेजलेला चेहरा पाहिला, ट्रॉलीवरचं पाकीट पाहिलं. हातातला टॉवेल तिने खाटेवर ठेवला. मग ती गप्प उभी राहून वॉर्ड ऐकू लागली. होय, ऐकूच लागली. "इथे असंच असतं का? इतकं शांत?"

"सगळे माझ्यासाठी गप्प बसलेत."

"हं," ती म्हणाली. "जा आत."

"खूपदा जाऊन आलो गं."

"जा म्हणते ना. सिस्टर, दोनच मिनिटं द्या."

मी गेलो. भांडं धरून भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बाहेर शांतता जमू लागली. आणि मग धाड्कन काहीतरी फरशीवर आदळलं. झाकण असावं, कारण ते आधी मोठ्याने आणि मग बारीक बारीक होत गरगरत राहिलं. ते थांबायच्या आत दुसरं पडलं. मग स्टीलची तसराळी एकात एक आपटली. मग ट्रेच्या ट्रे घसरले.

"अहो बाई! बाई! हे हॉस्पिटल आहे!" सिस्टर ओरडली.

"भांडी आहेत, ती वाजणारच!"

"ठेवा ती खाली!"

"ठेवतेच आहे की!" आणि धाड्.

सगळा वॉर्ड एकदम बोलायला लागला. माझ्यावरून लक्ष उडालं. आणि सवयीने, केवळ सवयीने, मी आतून ओरडलो, "अगं, जरा हळू!"

आणि झाली.

भांडं भरत होतं आणि मी भिंतीला डोकं टेकून उभा होतो. बाहेर एकेक झाकण पडत होतं. डोळ्यांतूनही पाणी येत होतं. आयुष्यात प्रथमच माझ्या सगळ्या लाइनी एकदम चालू झाल्या असाव्यात.

सिस्टरने माप पाहिलं. डॉक्टरांनी पोट पुन्हा वाजवून पाहिलं. "छान! ऑपरेशनचं आता मनातही आणायचं नाही. काय केलंत एकदम?"

"काही नाही," बायको तसराळी रचून ठेवत म्हणाली, "पडली हातातून."

त्याच क्षणी संडासातला नळ खॉक खॉक करून धो धो वाहू लागला, आणि तेलाने माखलेले पाणीवाले धापा टाकत वर आले. "झाली ना? म्हटलं नव्हतं? लाइनमध्ये हवा होती!" हा किस्सा ते आजही सांगतात. आम्ही दोघं मान डोलावतो.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"लग्न होऊन आले तेव्हापासून. एकच खोली होती, मधे पडदा. तुम्ही मोरीत गेलात ते बाहेरच येईनात. मला भीती वाटली, हा माणूस आत गेला तो मेला की काय. उठायला गेले, तर हातातलं झाकण पडलं. लगेच तुम्ही बाहेर आलात. दुसऱ्या दिवशी मुद्दाम पाडून पाहिलं."

"आणि मी रोज तुला हळू म्हणत आलो!"

"म्हणायचात," ती म्हणाली. "त्यावरून कळायचं की झाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा बायको गाढ झोपली होती. इतक्या दिवसांत ती अशी झोपलेली मी पाहिली नव्हती. तिला उठवणं बरं दिसलं नसतं. पण वेळ तर आलेली, आणि घरात काडीचा आवाज नाही. पुन्हा नाही झाली तर? पुन्हा ती ट्रॉली, ते पाकीट?

मी स्वयंपाकघरात गेलो, सगळ्यांत मोठं झाकण उचललं, फरशीवर सोडलं आणि मोरीकडे धावलो. पण मी आता जोरात धावू शकत नाही. मी दाराशी पोहोचलो तेव्हा झाकण थांबलं होतं. परत आलो. या खेपेला त्याला चांगली गिरकी देऊन सोडलं. एक चप्पल वाटेत निघाली, तरी धावलो. पुन्हा तेच. उघड्या दारात, एका पायात चप्पल, असा मी उभा होतो. शांतता कान देऊन बसली होती.

तेवढ्यात खोलीतून झोपेने जड झालेला आवाज आला.

"अहो, धावू नका. उठलेय मी. जा तुम्ही आत."